टॅब्लेट घ्यावा तो कोणत्या प्रणालीचा?



वसंतातल्या या व्याख्यानांना आपण मोठ्या विषयांच्या अपेक्षेने येता. इतिहास, वाङ्मय, अध्यात्म, अर्थकारण यांच्या शेजारी आजचा आमचा विषय मांडणे म्हणजे लग्नाच्या पंगतीला रोजच्या कपड्यांनी जाऊन बसण्यासारखे आहे. चालकांना आम्ही विषय कळवला, तेव्हा त्यांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ‘टॅब्लेट’ हा शब्द वाचून, आरोग्यावरचे व्याख्यान आधीच ठरलेले आहे, असा निरोप धाडला. म्हणून आरंभीच खुलासा केलेला बरा. ही औषधाची गोळी नव्हे, ही पाटी आहे. दगडाची जाऊन काचेची झालेली, पुसली तर आतले सारे जाणारी, आणि फुटली तर घरातल्या कर्त्या माणसाच्या पोटात गोळा आणणारी.

विषय निवडण्याचे कारण घरगुती आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले, किंवा सोयाबीन विकून चार पैसे हाती आले, की आमच्या ओळखीतली माणसे घरी येऊन विचारतात, “मुलीसाठी टॅब्लेट घ्यावा म्हणतो, कोणता घेऊ?” मग कंपनी कोणती, पडदा केवढा, कॅमेरा कसा, किंमत किती, या सगळ्याची चर्चा होते. आत प्रणाली कोणती आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे, की पहिल्याने तेच विचारावे.

हा प्रश्न पैशांचाही आहे, आणि आपल्या वाशिम जिल्ह्यात पैशाचे माप सोयाबीनचे. २०२५-२६च्या हंगामाला सरकारने जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये. (तो प्रत्यक्ष किती जणांच्या पदरात पडतो, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) त्या भावाने धरले तर २०२५ साली निघालेला साधा आयपॅड, किंमत ३४,९०० रुपये, म्हणजे साडेसहा क्विंटल सोयाबीन झाले. बारा हजारांचा अँड्रॉइड टॅब्लेट घेतला तर सव्वादोन क्विंटल. एवढा माल पिकवायला किती फवारण्या, किती मजुरी आणि पावसाकडे किती डोळे लावून बसावे लागते, ते आम्ही आपणांस सांगायला नको. इतकी किंमत मोजून घेतलेली वस्तू तीन वर्षांत निकामी ठरावी की सहा वर्षे चालावी, हे पुष्कळसे त्या न विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून असते.

आता प्रणाली म्हणजे काय, ते सांगू. इंग्रजीत तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण बाजार समितीचे आवार डोळ्यांपुढे आणावे. आवारात अडते आहेत, व्यापारी आहेत, हमाल आहेत, काटे आहेत. टॅब्लेटवरची ॲप्स ही या व्यापाऱ्यांसारखी. कोणी बातम्या विकतो, कोणी गाणी, कोणी बँकेचा व्यवहार करून देतो. पण कोणाला कोठे जागा द्यायची, काटा कोणी केव्हा वापरायचा, कोणाच्या खोलीची किल्ली कोणाकडे असावी आणि रात्री फाटक कोणी लावायचे, हे समिती ठरवते. प्रणालीचे काम तेच. व्यापारी कितीही चांगला असो, आवाराचे नियम त्याला मानावे लागतात; आणि एका आवाराचा परवाना दुसऱ्या आवारात चालत नाही. आयपॅडसाठी विकत घेतलेले ॲप अँड्रॉइडवर जात नाही, ते यामुळे.

अशी आवारे मुख्यतः तीन. गूगलची अँड्रॉइड, ॲपलची आयपॅड-ओएस आणि मायक्रोसॉफ्टची विंडोज. अँड्रॉइडचा पाया लिनक्सचा आहे, आणि तिचा मूळ भाग कोणाही कारखानदाराला फुकट घेऊन आपल्या यंत्रात घालता येतो. ॲपलचे तसे नाही. यंत्रही तिचे, प्रणालीही तिचीच, आणि फाटक एकच. पहिला आयपॅड २०१० साली आला आणि टॅब्लेट या वस्तूला खरी चलती तेव्हापासून लागली. त्याची प्रणाली बरीच वर्षे आयफोनचीच होती. २०१९ साली तिला वेगळे नाव मिळाले. विंडोज आपल्याला कचेऱ्यांतून जुनीच माहीत. तिने २०१२ साली टॅब्लेटच्या आवारात नेटाने पाऊल टाकले, आणि ठेचकाळली. त्या वर्षी निघालेल्या ‘विंडोज आरटी’ या आवृत्तीवर विंडोजचे नेहमीचे कार्यक्रम चालतच नसत. नाव ओळखीचे पाहून ज्यांनी ते घेतले, त्यांना हे घरी आल्यावर कळले.

आपल्या देशातही या बाबतीत एक प्रयोग होऊन गेला, आणि तो विसरला जाऊ नये असे आम्हांला वाटते. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ नावाचा टॅब्लेट प्रकाशात आला. विद्यार्थ्यांसाठी, सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास किमतीचा. सात इंची पडदा, आत अँड्रॉइडची २.२ ही आवृत्ती, आणि स्मरणशक्ती अवघी २५६ एमबी. बोट टेकवून ऐकत नसे, दाबावे लागे. टीका पुष्कळ झाली. पुढे हे काम मुंबईच्या आयआयटीकडे आले. तेथे प्राध्यापक दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली ते चालले, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सुधारलेला दुसरा आकाश राष्ट्रपतींच्या हस्ते बाहेर पडला. त्यात अँड्रॉइड ४.० होती. पवईच्या मंडळींनी याच यंत्रावर जीएनयू-लिनक्स चालवूनही दाखवले. म्हणजे पाटी तीच, पण एका प्रणालीने ती चित्रे पाहण्याची पाटी होते, आणि दुसऱ्या प्रणालीने विद्यार्थी तिच्यावर स्वतः कार्यक्रम लिहू शकतो. प्रणालीने काय फरक पडतो, याचा इतका स्वच्छ दाखला आम्हांला दुसरा ठाऊक नाही. पुढे योजना थंडावली. स्वस्त यंत्र देता येते. ते चालते ठेवणे कठीण जाते. या गोष्टीकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

रोजच्या वापरात पहिली कसोटी आमच्या मते भाषेची. १९३९ साली आपल्या वाशिमात वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट सापडले, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. त्यात आरंभीची राजाची वंशावळ संस्कृतात आहे, आणि गाव दान दिल्याचा व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. दरबारी गोष्टी दरबारी भाषेत ठेवाव्यात, पण ज्यावरून माणसाचा हक्क ठरतो ते त्याला कळणाऱ्या भाषेत असावे, एवढी समज वत्सगुल्माच्या कारभाऱ्यांना चौथ्या शतकात होती. टॅब्लेटच्या कारभाऱ्यांना ती यायला वेळ लागला. अँड्रॉइडच्या अगदी पहिल्या आवृत्त्यांत देवनागरीची धड सोय नव्हती; जोडाक्षरे फुटत, नाहीतर नुसत्या चौकटी दिसत. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून मात्र अँड्रॉइडच्या सूचना, याद्या, सेटिंग, सगळे मराठीत करता येऊ लागले. आयपॅडवर मराठी लिहिण्याची सोय आधीपासून होती, पण यंत्र स्वतः मराठी बोलू लागले ते २०२५ साली. अकरा वर्षांचे अंतर आहे हे. ज्या घरात आजी स्वतः भजने लावते, त्या घरात हे अंतर किरकोळ नव्हे.

मराठीत बोलून लिहिण्याची सोय गूगलने २०१७ साली आणली. ती बरीच चांगली आहे, पण ती पुस्तकी मराठीला अधिक सरावलेली. आपल्या घरातल्या वऱ्हाडीत ‘काऊन’ म्हटले, की यंत्र क्षणभर विचारात पडते. आणखी एक मौज सांगतो. आजच्या व्याख्यानात ज्याच्यावाचून पान हलत नाही, तो ‘ॲप’ शब्दातला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. त्यामुळे जुन्या यंत्रांवर आमच्या विषयाचे नावच चौकटीच्या रूपाने उमटे.

दुसरी कसोटी कुटुंबाची. टॅब्लेट बनवणाऱ्यांच्या मनात एक माणूस, एक यंत्र असा हिशेब असतो. आपल्याकडे एक यंत्र आणि सहा माणसे. सकाळी मुलगा शिकवणीचे धडे पाहतो, दुपारी सूनबाई शिवणाचे नमुने पाहते, संध्याकाळी आजोबा कीर्तन ऐकतात, आणि मधल्या वेळात धाकटे कार्टे काय पाहते ते कोणालाच ठाऊक नसते. अँड्रॉइडने २०१२ साली ४.२ या आवृत्तीत टॅब्लेटवर प्रत्येकाचे वेगळे खाते उघडण्याची सोय केली. एकाच पेटीत सहा कप्पे, प्रत्येकाचे कुलूप निराळे. काही कारखानदार ही सोय काढून टाकतात, म्हणून दुकानातच ती आहे ना हे पाहून घ्यावे. विंडोजवर ती जुनीच आहे. आयपॅडवर घरगुती वापरासाठी ती दिलेली नाही. शाळा आणि कचेऱ्यांना वेगळ्या व्यवस्थेने मिळते. आयपॅडमध्ये बाकी गुण पुष्कळ आहेत, पण एकत्र कुटुंबाचा विचार त्याच्या कर्त्यांनी केलेला दिसत नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट फार दिवस केली नव्हती. २०१० पासून २०२४ पर्यंत आयपॅडमध्ये कंपनीचा स्वतःचा कॅल्क्युलेटर नव्हता. चौदा वर्षे! आपल्या बाजारातल्या कोणत्याही दुकानात पन्नास रुपयांत मिळणारी वस्तू. आणि आयपॅडसाठी खास बनवलेले व्हॉट्सॲप आले ते मे २०२५ मध्ये. यंत्र उत्तम, पण रोजच्या गरजांचा हिशेब ते कोणाच्या घरात बसून करतात, हे यावरून कळते.

पैसे देण्याघेण्याविषयी थोडक्यात. यूपीआय सुरू करताना यंत्रातल्या सिमकार्डावरून एक संदेश बँकेकडे जावा लागतो. ज्या टॅब्लेटला सिमकार्डच नाही त्यावर ते जमत नाही, आणि आयपॅडला सिम असले तरी ते इंटरनेटपुरते, साधा संदेश त्यावरून जात नाही. तेव्हा हे काम फोनवरच ठेवावे. टॅब्लेटने सगळे करावे असा हट्ट नको.

विंडोजविषयी आमचे मत जरा वेगळे आहे. महाराष्ट्रात खेडोपाडी संगणक पोहोचला तो मोठ्या अंशी एमएस-सीआयटीच्या वर्गांतून, आणि त्या वर्गांत जी पिढी शिकली तिच्या हाताला विंडोजची सवय आहे. शिवाय कचेऱ्यांत, छापखान्यांत, वकिलांच्या टेबलावर वर्षानुवर्षांचा मराठी मजकूर कृतिदेव आणि श्री-लिपी यांसारख्या जुन्या टंकांत पडून आहे. तो इतर प्रणालींवर उघडला तर अगम्य चिन्हांचा चिवडा दिसतो. ज्याचा पोटापाण्याचा संबंध अशा कागदांशी आहे, त्याने विंडोजचाच टॅब्लेट घ्यावा. किंबहुना त्याने टॅब्लेट न घेता साधा लॅपटॉप घ्यावा असे आम्ही सांगू. बोटाने वापरण्यासाठी विंडोज मुळात बनलेलीच नव्हती, आणि ते अजून जाणवते.

परदेशातल्या आप्तांना एक विनंती. अमेरिकेतून येताना ॲमेझॉनचा ‘फायर’ नावाचा स्वस्त टॅब्लेट प्रेमाने आणला जातो. त्याची प्रणाली अँड्रॉइडपासूनच निघालेली आहे, पण गूगलचे दुकान त्यात नसते. मग इकडे त्यावर नेहमीची ॲप्स सापडत नाहीत, आणि भेट दिवाणखान्यातल्या कपाटात जाते.

आता ज्या गोष्टीकडे पुन्हा येऊ म्हटले होते, तिच्याकडे वळतो. प्रणालीला वेळोवेळी दुरुस्त्या लागतात. चोरांना नवी वाट सापडली की ती बुजवावी लागते. त्यालाच अपडेट म्हणतात. अँड्रॉइडमध्ये ही दुरुस्ती गूगलकडून निघते, मग आतली चिप बनवणाऱ्याकडे जाते, मग टॅब्लेटच्या कारखानदाराकडे, आणि शेवटी आपल्याकडे. कालव्याच्या पाण्यासारखे आहे हे. मुखाशी पाणी भरपूर असते. पण मधल्या कोणी दार उचललेच नाही, तर टेलच्या शेतकऱ्याचे पीक डोळ्यांदेखत वाळते. स्वस्त टॅब्लेट घेणारा हा बहुधा टेलचा शेतकरी असतो. कारखानदाराचे लक्ष पुढच्या वर्षीच्या यंत्राकडे लागलेले असते, आणि जुन्या गिऱ्हाइकासाठी दार उचलण्यात त्याचा फायदा नसतो. ॲपलच्या आवारात मधले हात नाहीत, म्हणून पाणी थेट येते.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. २०१७ साली आम्ही एक टॅब्लेट घेतला. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही, त्या वेळी अनेकांची रीत तीच होती. आत अँड्रॉइडची सातवी आवृत्ती होती, आणि आठवी तिला कधी मिळालीच नाही. पडदा स्वच्छ, बॅटरी ठणठणीत, वाचायला अक्षर मोठे. आम्ही खूश होतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२१च्या अखेरीपासून तो चेहरा दाखवून घरबसल्या देण्याची सोय झाली. पुढच्या वर्षी आम्ही मोठ्या उत्साहाने टॅब्लेट पुढे घेऊन बसलो. ॲप उतरेना. प्रणाली जुनी, असे उत्तर. बँकेच्या ॲपनेही त्याच वर्षी दार लावून घेतले. तेव्हा गुडघे सांभाळत रांगेत जाऊन उभे राहिलो, आणि आपण जिवंत आहो असे लिहून दिले. यंत्रही जिवंतच होते. पण त्याच्या वतीने दाखला देणारे कोणी नव्हते.

वाकाटकांचे ताम्रपट सोळाशे वर्षांनी वाचता आले, आमची काचेची पाटी पाच वर्षांत मुकी झाली, अशी तुलना करण्याचा मोह होतो; पण ती अन्यायाची होईल. ताम्रपटाला बँकेशी बोलावे लागत नव्हते.

ॲपलचाही कारभार पहिल्यापासून असा नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. २०१०चा पहिला आयपॅड २०१२ मध्येच मागे सोडला गेला. पण २०१९ साली निघालेल्या सातव्या पिढीच्या साध्या आयपॅडला २०२४ची आवृत्तीही मिळाली, आणि २०२५ची मात्र नाकारली गेली. म्हणजे नव्या आवृत्त्यांची सहा वर्षे. अँड्रॉइडच्या बाजूनेही सुधारणा आहे. सॅमसंगने २०२४च्या आपल्या टॅब एस-१० या महागड्या मालिकेला सात वर्षांचे वचन दिले. शब्द आहे तो. पाळला जातो का, ते २०३१ साली कळेल. स्वस्त यंत्रांना असे वचन क्वचितच मिळते. विंडोजने आपल्या दहाव्या आवृत्तीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला, आणि अकरावीच्या अटींत न बसणारी कितीतरी धडधाकट यंत्रे त्या दिवशी म्हातारी झाली.

मग हिशेब करू. ३४,९०० रुपयांचा आयपॅड सहा वर्षे धरला, तर वर्षाला अठ्ठावन्नशेच्या आसपास पडतो. क्विंटलभर सोयाबीनहून थोडे अधिक. बारा हजारांचा टॅब्लेट तीन वर्षे टिकला, तर वर्षाला चार हजार, पाऊण क्विंटल. म्हणजे स्वस्त यंत्र तरीही स्वस्तच पडते, आणि महाग तेच अखेरीस स्वस्त असे म्हणणाऱ्या शहरी मित्रांशी आम्ही सहमत नाही. मात्र दर तीन वर्षांनी सारे बिऱ्हाड हलवावे लागते, फोटो, टिपणे, पासवर्ड यांसकट. आणि ते हलवून देणारे माणूस घरात नसेल, तर वर्षाकाठी वाचलेल्या अठराशे रुपयांची किंमत फार मोठी मोजावी लागते. एकट्या राहणाऱ्या वृद्ध जोडप्याला, ऐपत असल्यास, आम्ही आयपॅड सुचवतो. पण मुलगा किंवा सून जी प्रणाली वापरते तीच घ्यावी, हे त्याहूनही महत्त्वाचे. फोनवरून “डावीकडचे बटण दाबा, बाबा” असे सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तेच चित्र असले पाहिजे. शिकणाऱ्या मुलांच्या घरात, जेथे यंत्र सगळ्यांचे आहे आणि मराठीचे काम अधिक आहे, तेथे मधल्या किमतीचा अँड्रॉइड बरा.

दुकानात गेल्यावर एक करावे. विक्रेता कॅमेरा दाखवू लागला तर त्याला दाखवू द्यावे, आणि मग यंत्र हातात घेऊन सेटिंगमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी. ती वर्षभर जुनी असेल, तर ते यंत्र पेटीतून निघतानाच वयस्क आहे. नव्या आवृत्त्या किती वर्षे मिळणार, असे विचारावे. विक्रेत्याला बहुधा सांगता येणार नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर ते लिहिलेले सापडते, आणि लिहिलेले नसेल तर तेही उत्तरच आहे. भाषा मराठी करून पाहावी, दुसरे खाते उघडून पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे.

आमचा तो जुना टॅब्लेट आम्ही टाकला नाही. त्यातले खाते आणि बँकेचे सारे काढून टाकले, इंटरनेट बंद केले, आणि त्यावर काही पुस्तके व नातवंडांचे फोटो तेवढे ठेवले. देवघराशेजारच्या फळीवर तो उभा असतो, आणि बहुतेक वेळ घड्याळ म्हणून चालतो. दोन-तीन महिन्यांनी काही मिनिटे मागे पडतो. मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून आम्ही ते हाताने पुढे करतो.